पाळत कोणावर : फाशांवर की खेळणाऱ्यावर?

शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते व म्हणून ते त्याचा शब्द ऐकत, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ही कथा नाही. तेथे शकुनीचे कपट आहे, हाडे नाहीत. हाडे लोकांनी मागाहून घातली. ती त्यांना का घालावीशी वाटली, हे समजणे कठीण नाही. एक माणूस डावामागून डाव हरतो, राज्य हरतो, भाऊ हरतो, अखेर पत्नी पणास लावून तीही हरतो. आणि समोरचा मात्र प्रत्येक वेळी जिंकतो. हे सारे नुसते घडले असेल यावर ऐकणाऱ्याचे मन बसत नाही. फाशांतच काहीतरी असले पाहिजे, असे त्याला वाटते.

अमेरिकेतील लास व्हेगास किंवा अटलांटिक सिटी येथील कॅसिनोंत फाशांच्या टेबलाभोवती उभे राहणाऱ्या मंडळींच्या मनात आज हाच संशय निराळ्या वेषात वावरतो. हाडांच्या जागी इलेक्ट्रॉनिक टिकली आली आहे, एवढेच. कोणी म्हणतो, फाशांच्या पोटात सूक्ष्म यंत्र बसवलेले असते. कोणी म्हणतो, टेबलाच्या हिरव्या कापडाखाली तारांचे जाळे आहे, कोणत्या चौकटीत किती पैसा लागला आहे हे त्याला कळते, आणि पैसा फार झाला की नको ते दान पडते. तिसऱ्याची खात्री असते की, टेबल ‘तापले’, म्हणजे खेळणारे सारखे जिंकू लागले, की छतातील कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस खूण करतो आणि फासे बदलले जातात. या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय येऊन गेले. त्या पंक्तीत जुगाराचे टेबल आणून मांडणे काहींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु यंत्रावर संशय घेण्याचे प्रसंग आता जुगाऱ्यालाच येतात असे नाही. आणि संशय कोठे रास्त व कोठे गैरलागू, हे पाहण्यास फाशांइतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

प्रथम खेळ समजून घेऊ. त्याचे नाव ‘क्रॅप्स’. इंग्लंडातील ‘हॅझर्ड’ या जुन्या खेळाचे हे वंशज न्यू ऑर्लिन्समार्गे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पसरले. दोन फासे एकदम टाकायचे आणि बेरीज पाहायची. पहिल्याच फेकीत ७ किंवा ११ आले तर फेकणाऱ्याच्या बाजूने पैसे लावणारे जिंकतात. २, ३ किंवा १२ आले तर हरतात. याखेरीज दुसरा कोणताही आकडा आला, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १० यांपैकी, तर तो ‘पॉइंट’ ठरतो. मग तोच आकडा पुन्हा येईपर्यंत किंवा ७ येईपर्यंत फासे टाकत राहायचे. आकडा आधी आला तर जीत, ७ आधी आला तर हार. ज्याला फेकणाऱ्याच्या विरुद्ध पैसे लावायचे असतील त्यालाही तसे करता येते. दोन फाशांची एकंदर ३६ दाने पडू शकतात व त्यांपैकी ६ दानांची बेरीज ७ होते. इतकी दुसऱ्या कोणत्याच बेरजेची होत नाहीत. म्हणून हा ७ पहिल्या फेकीला मित्र आणि त्यानंतर वैरी. टेबलाशी उभे असलेले लोक त्याचे नाव घेणेही टाळतात. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आता संशयाकडे वळू. तो पूर्वी खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकले पाहिजे. एका कोपऱ्यात शिसे भरलेले फासे पुष्कळ जुने आहेत. विसाव्या शतकात विजेने त्यांत भर घातली. बेकायदा अड्ड्यांतून टेबलाखाली विद्युत्चुंबक बसवीत, फाशांच्या ठिपक्यांखाली पोलादाचे कण दडवीत, आणि एखादा माणूस पायाने किंवा ढोपराने कळ दाबून हवे तेव्हा प्रवाह सोडीत असे. अशा टेबलाला अमेरिकन बोलीत स्वतंत्र नावच होते. जॉन स्कार्न हा मूळचा हातचलाखीचा जादूगार. त्याने १९४५ साली फाशांवर एक जाडजूड ग्रंथ लिहून असल्या लबाड्या चव्हाट्यावर आणल्या. फेकणाऱ्याच्या विरुद्ध पैसे लावण्याची जी सोय आज सर्वत्र आहे तिचा जन्मही, असे सांगतात, याच संशयातून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन विन नावाच्या गृहस्थाने ती रूढ केली. अड्डेवाल्याने फासे बिघडवले असतील तर खेळणाऱ्याला बिघडलेल्या बाजूनेच पैसे लावता यावेत, असा तिचा रोख. संशयितांचे समाधान करण्याचा यापेक्षा चतुर उपाय आम्हांस तरी ठाऊक नाही.

तेव्हा आजच्या टेबलावर तसे काही होत नाही कशावरून? त्यासाठी कॅसिनोतील फासा हातात घेऊन पाहावा. आपल्या घरच्या लुडोच्या फाशासारखा तो नसतो. त्याची बाजू पाऊण इंचाची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. कडा व कोपरे गोल न करता धारदार ठेवलेले. द्रव्य सेल्युलोज अॅसिटेट, आणि ते पारदर्शक. ठिपके खोदून ते तितक्याच घनतेच्या रंगाने भरून पृष्ठभागाशी सपाट केलेले असतात, कारण नुसते खोदून सोडले तर सहा ठिपक्यांची बाजू एका ठिपक्याच्या बाजूपेक्षा हलकी होईल. प्रत्येक फाशावर अनुक्रमांक व कॅसिनोचे चिन्ह असते. टेबलावर बसलेला प्रमुख तो मापून पाहतो, चुंबकाला लावून पाहतो, उजेडात धरून आरपार पाहतो. लांब काठी घेतलेला नोकर फेकणाऱ्यासमोर पाच-सहा फासे सरकवतो, त्यांतून दोन तोच निवडतो, आणि ते त्याने अशा जोराने टाकावे लागतात की समोरच्या भिंतीवरील रबरी शंकूंच्या रांगांवर आदळून परत यावेत. एका पाळीनंतर फासे बाद होतात.

आता या पारदर्शक काचेसारख्या ठोकळ्यात इलेक्ट्रॉनिक टिकली दडवणे अवघड. पण क्षणभर गृहीत धरू की ती दडवली. पुढे काय? अशा टिकल्या खरोखर असतात. आर.एफ.आय.डी. या आद्याक्षरांनी त्या ओळखल्या जातात. वाचकांपैकी ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्या पुढच्या काचेवर ती चिकटवलेली आहे. आपण तिला फास्टॅग म्हणतो. तिला स्वतःची बॅटरी नसते. वाचक-यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींतूनच टिकलीला चिमूटभर शक्ती मिळते, आणि तेवढ्यावर ती आपला क्रमांक परत सांगते. फाशांत अशा टिकल्या बसवून पडलेले दान आपोआप ओळखावे, अशा कल्पनांची पेटंटेही घेतली गेली आहेत. परंतु टोलनाक्यावरचे यंत्र मोटार ओळखते. मोटार ढकलत नाही. एक फासा सुमारे ९ ग्रॅम वजनाचा. तो एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलंडवायचा तर त्याचा मध्य जवळजवळ ४ मिलिमीटर उचलावा लागतो, तोही तो उसळत-गडगडत असताना, नेमक्या क्षणी व नेमक्या दिशेने. टिकलीपाशी ना तितके बळ, ना ते लावायला हात. ‘जाणणे’ आणि ‘हलवणे’ या दोन क्रिया संशयी मनात एक होऊन जातात. यंत्राला कळते ना, मग ते करतही असणार, असे त्याला वाटते.

दुसरी अडचण याहून मौजेची आहे. समजा कॅसिनोने असे फासे केले की ज्यांत ७ जास्त वेळा पडतो. पहिल्या फेकीला तोच ७ खेळणाऱ्यांना जिंकून देईल. शिवाय त्याच टेबलावर कोणी उलट बाजूने पैसे लावून उभा असेल, तर एकाकडून काढलेले दुसऱ्याला द्यावे लागेल. म्हणजे फासा नुसता बिघडवून भागत नाही. तो क्षणाक्षणाला निराळ्या तऱ्हेने बिघडला पाहिजे. जुन्या अड्डेवाल्यांना कळ दाबणारा माणूस ठेवावा लागे तो याचसाठी. आणि जेथे परवाना मिळाला की कोट्यवधींचा धंदा होतो व तो गेला की सर्व गेले, तेथे असा माणूस पदरी ठेवणे म्हणजे आपले रहस्य व आपली मान दोन्ही त्याच्या हाती देणे होय. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला व १९५५ साली त्यावर देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, हेही लक्षात घ्यावे.

पण आमच्या मते खरे उत्तर यंत्रविद्येत नाही, अंकगणितात आहे. आणि तेथे थोडे थांबले पाहिजे.

आपल्याकडच्या जुगाराच्या अड्ड्यावर मालक ‘नाल’ घेतो, आणि ती सर्वांना दिसते. डाव संपला की जिंकणाऱ्याच्या पैशांतून इतके इतके काढून ठेवले जाते. क्रॅप्समध्येही नाल आहे, पण ती दिसत नाही. कारण ती खेळाच्या नियमातच विरघळवून ठेवली आहे. सरळ बाजूने १ डॉलरचे ४९५ डाव लावले, तर सरासरीने २४४ जिंकतात व २५१ हरतात. फरक फक्त ७ डावांचा. शेकडा हिशोबाने तो १.४१ होतो. इतका बारीक फरक माणसाच्या हाताला लागत नाही. एखाद्याने तासाला ३० डाव, दर डावाला १० डॉलर, असे लावले, तर त्या तासात त्याने ३०० डॉलर फिरवले आणि कॅसिनोची नाल झाली ४ डॉलर २४ सेंट. परंतु त्याच तासात नुसत्या योगायोगाने त्याचे पैसे ५०-५५ डॉलरनी वर किंवा खाली जाणे, ही अगदी रोजची गोष्ट आहे. म्हणजे दैवाची लाट नालेच्या बारापट उंच! असे शंभर तास घेतले, तर सुमारे ४० तासांत खेळणारा पुढे असेल, १४ तासांत जागच्या जागी, आणि ४६ तासांत मागे.

आता त्याच टेबलाकडे मालकाच्या बाजूने पाहू. समजा टेबलाशी दहा माणसे आहेत, खेळ दिवसाचे सोळा तास चालतो, आणि वर्षभर हाच क्रम आहे. प्रत्येकाचा डाव १० डॉलरचाच. वर्षअखेर त्या टेबलावरून १ कोटी ७५ लाख २० हजार डॉलर फिरतात आणि मालकाचा वाटा होतो सुमारे २ लाख ४८ हजार डॉलर. योगायोगाची लाट येथेही आहे. पण ती आता ४२ हजारांच्या आसपास, म्हणजे वाट्याच्या सहाव्या हिश्शाएवढी. तासाच्या हिशोबात जी लाट नालेला बुडवीत होती तिला वर्षाच्या हिशोबात नालेने बुडवले. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याला लबाडीची गरज उरत नाही. आणि हा झाला सर्वांत सौम्य डाव. टेबलाच्या मध्यभागी ज्या भडक चौकटी असतात त्यांत ‘पुढच्याच फेकीला ७ येईल’ अशी एक आहे. ती एकास चार देते, देणे वास्तविक एकास पाच असते. म्हणजे तेथे नाल शेकडा १६ हून अधिक. लोक तेथे स्वखुशीने पैसे लावतात, आणि संशय मात्र फाशांवर घेतात.

येथे कोणी विचारील की, तुमचे अंकगणित राहू द्या. आम्ही स्वतः फेकी मोजू व लबाडी असली तर पकडू. मोजाव्यात, पण किती? समजा फासे इतके बिघडवले आहेत की ७ येण्याचे प्रमाण सहांत एकाऐवजी पाचांत एक झाले आहे. ही काही किरकोळ लबाडी नव्हे. तरीसुद्धा सुमारे ५०० फेकी मोजल्यावर कुठे रास्त शंका घेण्याइतका फरक दिसू लागेल, आणि खात्रीने बोट ठेवायचे तर हजाराच्या वर जावे लागेल. तासाला शंभर फेकी धरल्या तर दहा-अकरा तास झाले, तेही न जेवता, न पिता व एकही फेक न चुकवता. एका संध्याकाळच्या अनुभवावर जो फासे लबाड ठरवतो व जो प्रामाणिक ठरवतो, ते दोघेही सारखेच अंधारात असतात.

मोजणारे लोक झाले आहेत, आणि त्यांची चिकाटी पाहून आम्हांस नेहमीच आदर वाटतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने १८९४ साली बारा फासे एकदम टाकण्याच्या २६,३०६ फेकी नोंदवल्या. म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे पडले. त्यांत ५ किंवा ६ हे १,०५,२२४ वेळा यावयास हवे होते. आले १,०६,६०२ वेळा. फरक शेकड्यात सांगितला तर हसू येईल इतका लहान, पण इतक्या मोठ्या संख्येत तो योगायोग म्हणून सोडून देता येईना. कार्ल पिअर्सनने १९०० साली आपली प्रसिद्ध ‘काय-वर्ग’ कसोटी मांडली तेव्हा हीच आकडेवारी तपासायला घेतली. पुढे शतकभराने शिकागो विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने यंत्राने फासे हलवून व कॅमेऱ्याने टिपून तेवढ्याच फेकी पुन्हा केल्या. त्याच्या फाशांत १ आणि ६ किंचित अधिक निघाले, कारण फासे एका बाजूने केसभर चपटे होते. बाजारी फासा कधीच निर्दोष नसतो, हे यावरून दिसते. आणि तो दोष उघड्या डोळ्यांना दिसत नाही, हेही.

उलट्या दिशेनेही अशीच पैज लागली होती. फासे विशिष्ट तऱ्हेने धरून व हळुवार टाकून ७ टाळता येतो, असे मानणारा एक पंथ अमेरिकेत आहे. स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या जुगारतज्ज्ञाने २००४ साली या बाजूने पैज घेतली. ५०० फेकींत सरासरीने ८३ वेळा ७ यावा. तो ७९ किंवा त्याहून कमी वेळा यावा अशी अट होती. आला ७४ वेळा. पैज जिंकली आणि पंथीयांना आनंद झाला. पण कोणीही डोळे मिटून फासे टाकले, तरी इतके कमी ७ सुमारे सातांतून एकदा येतातच! कॅसिनो फासे वळवतो असे म्हणणारा आणि मी फासे वळवतो असे म्हणणारा हे दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही फासा कोणाचेच ऐकत नाही ही गोष्ट सोसत नाही.

२३ मे २००९ च्या रात्री अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेने फासे हाती घेतले आणि ४ तास १८ मिनिटे, सलग १५४ फेकी, ती बाद झाली नाही. सर्वसाधारण फेकणारा साडेआठ फेकींत आटोपतो. गणित्यांनी मागाहून हिशोब केला तेव्हा असे होण्याचा संभव सुमारे ५६० कोटींत एक निघाला. टेबल याहून अधिक ‘तापणे’ शक्य नाही. लोकांच्या संशयाप्रमाणे छतातील माणसाने त्या रात्री खूण करायला हवी होती.

तर मग पाळत नाहीच का? आहे, आणि ती कडक आहे. येथेच आम्हांस संशयी खेळणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्यावर कोणाचा तरी डोळा आहे, असे त्याला वाटते ते खरेच असते. पूर्वी कॅसिनोच्या छतावर अरुंद मार्ग करून, एकतर्फी आरशांतून माणसे खाली पाहत बसत; आता कॅमेरे आहेत. काही ठिकाणी पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांत रेडिओ-टिकल्या असतात. २००५ साली लास व्हेगासमध्ये उघडलेल्या विन कॅसिनोने त्या पहिल्यापासूनच वापरल्या. खोट्या चकत्या ओळखाव्यात, चोरीच्या निकामी कराव्यात, आणि कोण किती लावतो ते कळावे, हे त्यांचे काम. खेळणारा आपल्या नावाचे कार्ड टेबलावर देतो. मग सरासरी डाव किती, किती तास उभा राहिला, तासाला किती डाव, त्या डावांवर नाल किती, या चार आकड्यांचा गुणाकार त्याच्या खात्यावर चढतो. हा माणूस आपल्याला वर्षाकाठी किती देणार, याचा तो अंदाज असतो. त्यातलाच काही भाग त्याला फुकट जेवण, फुकट खोली म्हणून परत मिळतो, आणि तो खूश होतो. फासे काय सांगतात याची कॅसिनोला फिकीर नाही. हा मनुष्य उद्या येईल का, एवढे कळले की झाले.

ही दृष्टी नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. जुगार त्याने ठरवलेल्या एकाच ठिकाणी खेळायचा, फासे त्यानेच पुरवायचे, ते कोणी बदलले तर बारा पण दंड, आणि जिंकलेल्या धनाचा शेकडा पाच हिस्सा सरकारजमा. अमेरिकन कॅसिनो त्या मानाने उदार म्हणायचे! परंतु जुगार एकाच ठिकाणी आणण्याचे कारण कौटिल्य जे देतो ते वाचून आम्ही चकित झालो. गुप्तपणे उपजीविका करणारे लोक उघडकीस यावेत, हे ते कारण. फासे शुद्ध ठेवायचे आणि डोळा माणसावर ठेवायचा, हे पाटलीपुत्राला नेवाडाच्या कितीतरी आधी कळले होते.

पाळतीचा दुसरा रोख कॅसिनोच्या स्वतःच्या नोकरांवर असतो, हे खेळणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत २०१२ ते २०१४ या काळात फाशांच्या टेबलावरील नोकर आपल्या साथीदारांना न लावलेल्या डावांचे पैसे देत होते. दान पडल्यावर, साथीदार आधी काहीतरी अस्पष्ट पुटपुटला होता तोच हा डाव, असे म्हणायचे आणि पैसे मोजायचे. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम अशी गेली. शेवटी ही मंडळी जितकी जिंकत होती तितके नशिबाने जिंकण्याचा संभव ४५२ अब्जांत एक आहे असा हिशोब पुढे आला, आणि चौघांना शिक्षा झाल्या. ही लबाडी कॅसिनोविरुद्ध होती, तिला कोणतेही यंत्र लागले नाही, आणि ती पकडण्यात मोठा वाटा त्या निमूट आकडेमोडीचाच होता.

एक अन्याय मात्र आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी बुटात व कपड्यांत लपवण्याजोगा छोटा संगणक करून लास व्हेगासच्या रूलेटच्या चक्रावर तो आजमावून पाहिला. गोळी कोठे पडेल याचा अंदाज तो कानात सांगे. पुढे असल्या साधनांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९८५ साली नेवाडाने कायदाच केला की, खेळाच्या फळाचे भाकीत करणारे साधन खेळणाऱ्याने वापरणे हा गुन्हा. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला हवी तितकी यंत्रे, आणि दुसऱ्या बाजूला बोटांवर मोजायचे! ज्याला हत्यार बाळगण्याची मनाई आहे त्याने समोरच्याच्या हत्याराविषयी भलतेसलते तर्क करावेत, यात आम्हांस काही नवल वाटत नाही.

आणि जेथे फासेच नाहीत तेथे? आता निरनिराळ्या तऱ्हेची विजेची टेबले निघाली आहेत. काहींत खरे फासे असतात पण डाव पडद्याला बोट लावून लावायचे. काहींत काचेच्या घुमटाखाली मोठे फासे यंत्राने उडवले जातात. आणि काहींत फासे नुसतेच चित्र असते, आकडा संगणक काढतो. नेवाडाचा नियम असा की, खऱ्या फाशांचे सोंग घेणाऱ्या यंत्रात प्रत्येक दानाचा संभव खऱ्या फाशांइतकाच असला पाहिजे. नियम चांगला आहे. परंतु १९८९ साली त्याच राज्यात अमेरिकन कॉइन मशीन नावाच्या कंपनीची पत्त्यांची यंत्रे अशी बिघडवलेली सापडली की सर्वांत मोठी पाने खेळणाऱ्याला लागूच नयेत. तिचा परवाना गेला. त्यानंतर काही वर्षांनी यंत्रे तपासणाऱ्या सरकारी मंडळाचाच एक संगणकतज्ज्ञ यंत्रांत छुपी आज्ञा घालून पैसे उकळत होता, असे निष्पन्न झाले. १९९५ साली अटलांटिक सिटीत तो प्रकार उघडा पडला. आरपार दिसणाऱ्या फाशावर संशय घेणारा आमच्या मते चुकतो. न दिसणाऱ्या फाशावर संशय घेणाऱ्याला आम्ही चुकला म्हणणार नाही. तपासणी कोण करतो, किती वेळा करतो आणि तपासणाऱ्याला कोण तपासतो, हे त्याने जरूर विचारावे.

हा प्रश्न आपल्या दारापासून फार लांब नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात मात्र त्याच १९७६ सालच्या कायद्याला पुढे दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेच्या यंत्रांना, आणि पाण्यावरच्या जहाजांत टेबलाच्या खेळांना परवानगी मिळाली. पणजीला मांडवीच्या काठी उभे राहिले की ती जहाजे रात्री झगमगताना दिसतात, आणि त्यांवर जाणाऱ्यांत मराठी बोलणारे थोडे नसतात.

संशय खोटा आहे हे पटवून देण्याचा हा एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. कारण हा संशय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. फासे लबाड होते म्हणून मी हरलो, असे जो म्हणतो त्याच्या बोलण्यात दुसरे अर्धे वाक्य न बोलता राहिलेले असते : फासे सच्चे असते तर मी जिंकलो असतो. तो मग जुगार सोडत नाही, टेबल बदलतो. या कॅसिनोतून त्या कॅसिनोत जातो, विजेच्या टेबलावरून लाकडी टेबलावर येतो, प्रामाणिक फासे शोधत फिरतो. ते त्याला मिळतातही. ४९५ पैकी २५१ वेळा हरवणारे फासे हे प्रामाणिकच असतात.

पाळी संपली की टेबलावरचे फासे काढून घेतात, कोणाला ते बाहेर नेऊन बदली करता येऊ नयेत म्हणून त्यांवर खूण ओरखडतात किंवा भोक पाडतात, आणि मग ते कॅसिनोच्याच दुकानात आठवणीदाखल विकायला ठेवतात. रात्री त्यांच्यावर संशय घेणारी माणसे सकाळी घरी परतताना त्यांची एक जोडी मुलांसाठी विकत घेतात.